पंच नसलेलं कोर्ट

लासूर स्टेशनच्या पोरांना टेनिसचा चेंडू ओळखीचा आहे तो क्रिकेटमुळे. त्या चेंडूचा मूळ खेळ मात्र वाढत्या वयातल्या मुलांपुढे धर्माचा एक जुना प्रश्न ठेवतो: खरं बोलून आपलंच नुकसान होणार असेल, तरी माणसानं खरं का बोलावं?

कुमार गटाच्या बऱ्याच सामन्यांत, विशेषतः सुरुवातीच्या फेऱ्यांत, खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू ‘इन’ की ‘आउट’, हे ज्याचं त्यानं सांगायचं. खात्री नसेल तर चेंडू आतच धरायचा. सेट ५-५ असा अडलेला, समोरचीचा फटका रेषेला चाटून जातो आणि चौदा वर्षांच्या मुलीला त्याच क्षणी बोलावं लागतं. तिच्याच खटल्यात न्यायाधीश तीच. खऱ्याखोट्याचा निवाडा तुकोबांनी चारचौघांवर सोडला नाही, आपल्या मनावर सोपवला. तीच कसोटी इथे तासाभरात कितीदा तरी लागते.

मग जिंकायची इच्छाच सोडायची का?

गीता अर्जुनाला रणांगण सोडायला सांगत नाही. फळावरचा हक्क सोडायला सांगते. टेनिसमध्ये हे आकड्यांत दिसतं. २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररनं २१८ गुण मिळवले, जोकोविचनं २०४. चषक जोकोविचनं उचलला. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ हरले, तरी सुवर्णपदक त्यांनीच आणलं. पुढचा फटका नीट मारणं तेवढं खेळाडूच्या हातात.

या खेळानं दम वाढतो, नजर आणि पाय एकमेकांना साथ देऊ लागतात. पण एकेरीत चूक वाटून घ्यायला जोडीदार नसतो, आणि कोवळ्या मनावर त्याचा भार पडतो. २०२१मध्ये नाओमी ओसाकानं फ्रेंच ओपनमधून माघार घेतली आणि आपल्या नैराश्याविषयी उघडपणे सांगितलं. तेव्हा ती चार ग्रँड स्लॅम जिंकलेली होती. म्हणून हरून आलेल्या मुलाला निष्काम कर्माचा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे. फी, प्रवास, रॅकेट यांवर खर्च करून फळाची वाट पाहणारे बहुतेकदा पालकच असतात. तो उपदेश आधी त्यांनी स्वतःला करावा.

पंचाविना खेळायला महागडं कोर्टही लागत नाही. लासूरच्या एखाद्या शाळेनं मैदानावर चुन्याच्या रेषा आखून आठवड्यातला एक तास असा खेळ ठेवावा. निर्णय मुलांनी द्यावेत, शिक्षकांनी शिट्टी खिशात ठेवावी.