उण्या प्रकाशाची साक्ष

महाश्व तारकासमूहात, सुमारे १६० प्रकाशवर्षे दूर, एच. डी. २०९४५८ या क्रमांकाने नोंदलेला सूर्यासारखा एक तारा आहे. १९९९ च्या सप्टेंबरात डेव्हिड शारबोनो व टिमोथी ब्राउन यांनी कोलोराडोतून, अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने त्याचे निरीक्षण केले, तेव्हा त्याचा प्रकाश सुमारे तीन तास जेमतेम दीड टक्का उणावला आणि पूर्ववत झाला. साडेतीन दिवसांत ताऱ्याभोवती फिरणारा, गुरूहून हलका पण आकाराने थोर असा ग्रह त्याच्या बिंबावरून गेला होता.

अभावाचे ज्ञान कशाने होते, हा आपल्या दर्शनांतील जुना वाद आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी त्याची गरज नाकारली; परंतु वस्तू असती तर दिसलीच असती अशी योग्यता असल्यावाचून तिच्या न दिसण्याला किंमत नाही, हे उभयपक्षी मान्य होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. येथे ताऱ्याचे तेज आधी नेमके ठाऊक होते, म्हणूनच त्यातील तूट साक्षीस उभी राहू शकली. शिवाय ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डोलण्यावरून ग्रहणाची संभाव्य वेळ आधीच वर्तवता येत होती, आणि तूट त्या मुदतीबरहुकूम आली.

याहून मला विचारात पाडते ती हिप्पार्कस उपग्रहाची हकीकत. १९८९ ते १९९३ या काळात त्याने याच ताऱ्याचे तेज वारंवार मोजले होते, आणि ही तूट त्याच्या दप्तरात पडून होती. पण शोध लागल्यावर, ग्रहाचा आवर्तनकाल हाती धरून ते दप्तर पुन्हा चाळले गेले, तेव्हाच ती ओळखू आली. इंद्रियाचा विषयाशी संनिकर्ष घडला होता, ज्ञान मात्र घडले नव्हते.

न दिसणारा ग्रह जसा सिद्ध झाला तसाच ईश्वरही सिद्ध होतो, असे काही श्रद्धाळू म्हणतात. ईश्वर प्रत्यक्षयोग्यच नसल्याने त्याच्या न दिसण्यावरून त्याचा निषेध करता येत नाही, हे उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत मोठ्या सामर्थ्याने मांडले, आणि तो भाग मला आजही अभेद्य वाटतो. परंतु निषेध अशक्य होणे ही अस्तित्वाची सिद्धी नव्हे. ग्रहाचे अनुमान खोटे ठरण्याची वेळ घटिकेपर्यंत नेमलेली होती. ईश्वर नसता तर या जगात नेमके काय उणे पडले असते, हे त्या ग्रहाचा दाखला देणाऱ्या आस्तिकाने आधी सांगितले पाहिजे, आणि मी स्वतः आस्तिक असल्याने ही मागणी प्रथम माझ्याकडेच येते.