दाह आणि उदासी: एका कल्पनेचं आकसणं

ताप भरलेलं जनावर वैरणीला तोंड लावत नाही, कळपातून बाजूला होतं, अंग चाटायचंही सोडून देतं. गोठ्यात वावरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. शास्त्रज्ञ त्याला बरीच वर्षं नुसती अशक्तता समजत आले. कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली वेगळा अर्थ लावला. शरीराचं तापमान एक अंशाने चढवायचं, तर चयापचयाचा खर्च दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. मग जंतूंशी झुंजणाऱ्या शरीराने हिंडणं-फिरणं, चारा शोधणं, इतरांत मिसळणं थांबवून तेवढी शक्ती वाचवली, तर त्याला बिघाड का म्हणायचं? ती शरीराची चालच आहे, असं त्यांचं म्हणणं.

भूक मरणं, झोपेचा खेळखंडोबा, कशातच रस न वाटणं, माणसं नकोशी होणं. ही यादी मनोविकारतज्ज्ञांच्या नैराश्याच्या यादीशेजारी ठेवली की पुढची शंका आपोआप येते.

खरं तर ती फार आधी यायला हवी होती. ताप येऊन गेल्यावर काही मनोरुग्ण सुधारतात, असं व्हिएन्नाच्या युलियस वाग्नर-यॉरेग यांनी १८८७ सालीच लिहिलं होतं. सिफिलिस मेंदूपर्यंत पोचलेल्या रुग्णांना त्यांनी १९१७ पासून चक्क मलेरिया टोचला आणि १९२७ साली त्यासाठी नोबेल मिळवलं. (आजच्या कुठल्याही नैतिक समितीने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं.) पण पुढे मेंदूभोवती पडदा आहे, प्रतिकारशक्तीला आत मज्जाव आहे, ही समजूत पाठ्यपुस्तकांत पक्की बसली. नैराश्याचा शोध सेरोटोनिनभोवती फिरत राहिला, आणि मानेखालचं शरीर मानसोपचाराच्या हिशेबातून जवळजवळ गळालं.

ते परत आलं ते इंटरफेरॉनमुळे. विषाणू शिरला की शरीर स्वतःच बनवतं ते हे प्रथिन. औषध म्हणून ते हेपॅटायटिस सी आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर महिनोन्‌महिने दिलं जाई. काही आठवड्यांतच धडधाकट मनाची माणसंही खचू लागली. कर्करोग झालाय म्हणून खचली असतील, हे सोपं उत्तर होतंच. २००१ साली मेलॅनोमाच्या ४० रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्याचं औषध दिलं होतं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ४५ टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं, पॅरॉक्सेटिनवाल्यांपैकी ११ टक्क्यांना. कर्करोग दोन्ही गटांत होता. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत भक्कम पुरावा इंटरफेरॉनचाच वाटतो, कारण इथे प्रतिकारशक्तीला डिवचणारा हात डॉक्टरचाच होता. आधी काय आणि नंतर काय, यावर वाद घालायला जागा उरत नाही.

मग रक्ततपासण्यांचा पूर आला. नैराश्याच्या रुग्णांत दाहाची निशाणी असलेली प्रथिनं सरासरीने जास्त सापडत गेली, आणि नैराश्य म्हणजे मेंदूचा दाहच, असं ठासून सांगणारे लेखही आले.

या उत्साहाला वेसण घातली अटलांटातल्या एका चाचणीने. तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवातात वापरलं जाणारं, दाह थोपवणारं औषध. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना ते शिरेतून दिलं. बारा आठवड्यांनी पाहिलं तर औषध आणि दिखाऊ सलाईन यांत फरकच नाही! कल्पना तिथेच निकालात निघायची. पण संशोधकांनी रुग्ण सीआरपीच्या, म्हणजे रक्तातल्या दाहाची निशाणी असलेल्या एका प्रथिनाच्या, आकड्यानुसार वेगळे करून पाहिले. सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर होता, त्यांच्यात औषधाचा उपयोग दिसला. ज्यांचा कमी होता, त्यांना मात्र औषधापेक्षा दिखाऊ सलाईनच बरं पडलं.

म्हणजे दाहाचा संबंध खरा, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. पुढच्या पाहण्यांनुसार नैराश्याच्या साधारण चौथाई रुग्णांत सीआरपी ३ च्या वर असतो. एवढ्यावर समाधान मानणं अनेकांना जड गेलं. मला तर कल्पना आकसली म्हणूनच ती कामाची झाली, असं वाटतं. उरलेल्या तीन-चतुर्थांश माणसांना हळदीचं दूध आणि 'अँटी-इन्फ्लमेटरी' डाएट विकणाऱ्या फॉरवर्ड्सना या चौथाईशी काही देणंघेणं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आणि त्या चौथाईतही दाह आला कुठून? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा माग संशोधक वर्षानुवर्षं घेत आले आहेत. त्यांचं बत्तिसाव्या वर्षी रक्त तपासलं, तेव्हा लहानपणी छळ सोसलेल्यांचा सीआरपी अधिक चढलेला निघाला. मोठेपणचे ताण, तब्येत, सवयी हिशेबातून वजा केल्या तरी फरक राहिला. सीआरपी आज तालुक्याच्या लॅबमध्येही करून मिळतो. पण चढलेला आकडा किडलेल्या दाताचा, सुटलेल्या पोटाचा की आठव्या वर्षी खाल्लेल्या माराचा, हे त्या रिपोर्टवर छापलेलं नसतं.