ज्याला नाही म्हणता येत नाही

सेवेसाठी घर सोडून दूर जावं का, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. या गावचा एक डॉक्टर 1938 साली चीनला गेला तो परत आला नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून, 1860 च्या दशकापासून, अमेरिकेतले मिशनरी याच गावात येऊन राहत होते. पुढचा संवाद इथल्याच एका घरातला आहे. भाच्यानं नुकतीच एमबीबीएसची इंटर्नशिप संपवली आहे. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत दोन वर्षं काम करायचं बोलावणं त्याला आलं आहे. वडील नाहीत, आई एकटी. आत्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली.

भाचा : आत्या, आईपुढे अजून बोललो नाही. मला जायचंय. पण का जायचंय असं मनाशी विचारलं की जे उत्तर येतं ते सांगायला जीभ रेटत नाही.

आत्या : सांगून तर बघ की.

भाचा : तिथं डॉक्टर कमी आहेत, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मला स्वतःला बदलायचंय. वर्षभर वॉर्डात राबलो. शेवटी शेवटी केसपेपर दिसायचा, माणूस दिसायचा नाही. वाटतं, सगळं सोडून अशा ठिकाणी राहिलो तर आत काहीतरी पुन्हा जागं होईल.

आत्या : म्हणजे तुला जागं करायला निर्वासित हवेत.

भाचा : तेच टोचतं. स्वतःच्या उन्नतीसाठी केलेली सेवा ही सेवा कसली?

आत्या : इतक्यात निकाल लावू नकोस. उन्नती हवीशी वाटणं हा गुन्हा नव्हे. सेवेनं चित्त शुद्ध होतं, असंच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पण सगळं सोडून दोन वर्षं जायचं, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून?

भाचा : मागे बेंगळुरूला मित्राकडे राहिलो होतो ना, तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये दोन मॉर्मन मुलं होती. विशीच्या आतबाहेरची, एक आंध्रातला, एक दिल्लीचा. पंथ अमेरिकेतला, 1830 सालचा. त्यांच्यातली मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष धर्मसेवेला जातात. कुठं जायचं ते स्वतः ठरवत नाहीत. पत्र येतं, त्यात नाव असेल त्या मुलखात जायचं, मग ते ब्राझील असो की जपान. पगार नाही, खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास, भाषा शिकणं, मग दिवसभर लोकांच्या भेटी, रात्री साडेदहाला झोप. जोडीदाराला सोडून एकट्यानं बाहेर पडायचं नाही, आणि जोडीदारही वरून नेमून दिलेला. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट, घरी फोन. 2019 पर्यंत तर घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला.

आत्या : कडक व्रत आहे.

भाचा : मी एकाला विचारलं, काय मिळालं यातून? मला वाटलं, देव भेटला वगैरे म्हणेल. तो म्हणाला, जो माणूस आपल्याला आवडत नाही त्याच्याबरोबर एका खोलीत राहायला शिकलो. त्यांचं भांडण व्हायचं ते भांडी कुणी घासायची यावरून. रात्री झोपण्याआधी ते मिटवायचं आणि सकाळी त्याच माणसाबरोबर प्रार्थनेला बसायचं.

आत्या : खरं सांगितलं पोरानं. मोठ्या क्षणी माणूस बरा वागतोच, त्याची परीक्षा रोजच्या भांड्यांपाशी होते. लोक कसे वागायचे त्यांच्याशी?

भाचा : इतर देशांत ती मुलं दारोदार फिरतात, पण इथं कुणी बोलावलं तरच घरी जायचं, असं ती म्हणायची. मित्राच्या आईनं एकदा बोलावलं, चहा टाकला. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. दोघांनी संकोचून पाणी मागितलं. काकूंना आधी ते लागलं, पण पुढच्या खेपेला त्यांनी लिंबाचं सरबत करून ठेवलं. मग मुलांनी धर्मग्रंथ पुढे केला. काकू म्हणाल्या, ‘बाळांनो, आमच्या घरी पांडुरंग आहे, तेवढा पुरे.’ मुलांनी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि सरबत संपवून उठली. नंतरही यायची, पण पुस्तकाचा विषय काढला नाही.

आत्या : तू त्या मुलांचं व्रत बघितलंस. मला या गोष्टीत काकू मोठ्या वाटतात. त्या नाही म्हणू शकल्या. चहाला मुलं नाही म्हणाली, पुस्तकाला काकू नाही म्हणाल्या आणि तरी येणंजाणं टिकलं. त्या मुलांची वाढ झाली असेल तर ती या नकारानं. जवळ आहे ते सगळं घेऊन कुणाच्या दारात जायचं, त्यानं ते नाकारायचं आणि आपण राग न धरता परतायचं, ही साधना साधी नाही.

भाचा : पण मी तर धर्म द्यायला चाललो नाही, औषध द्यायला चाललोय. औषधाला कोण नाही म्हणेल?

आत्या : म्हणून तर तुझा प्रश्न त्यांच्याहून अवघड आहे. आपल्याच गावाचं बघ. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली, 1831 ला नगरला ठाणं केलं आणि मग सोलापूरला आली. 1899-1900 चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी अनाथ पोरं सांभाळली. त्यांच्यातल्या मेरी हार्डिंग बाईंनी इथं बालवाडी सुरू केली. आपल्या भागात ते काम अगदी पहिल्यापैकी. ती पोरं जगली, शिकली. हे ऋण मी कधी नाकारणार नाही. पण तुझ्या त्या काकूंसारखं ‘आमचा पांडुरंग आहे’ म्हणायची सोय त्या पोरांना कुठं होती? भाकरी आणि प्रार्थना एकाच हातातून येत होत्या.

भाचा : मग काय, पोरं मरू द्यायची होती? संमती शुद्ध राहावी म्हणून?

आत्या : नाही. भाकरी द्यायलाच हवी होती. मी एवढंच म्हणते, समोरचा जितका अगतिक, तितकं त्याच्याकडे काही मागण्याचा हक्क कमी. पोट भरलेल्या माणसाशी धर्मावर रात्रभर वाद घाल. उपाशी पोराला वाढ आणि गप्प बस.

भाचा : मी काकुमातल्या माणसांकडे काय मागणार आहे?

आत्या : आत्ताच मागितलंस. त्यांनी तुला जागं करावं, हे मागणंच आहे. त्यांनी कृतज्ञ असावं, तुझ्या त्यागाला शोभेल असं वागावं, हेही मनाच्या तळाशी असणार. आणि एखादा चिडका, तुझ्यावर अविश्वास दाखवणारा, औषध फेकून देणारा पेशंट आला की तुला वाटेल, यासाठी का मी घर सोडलं? तिथं तुझी सेवा कुणासाठी होती ते कळेल.

भाचा : हे इथंही घडतं, आत्या. अक्कलकोटकडची एखादी बाई येते, तिला नुसतं कानडी येतं. संमतीपत्र मराठीत नाहीतर इंग्रजीत. शाईचा पॅड पुढे करायचा, तिचा अंगठा आपणच धरून कागदावर टेकवायचा. नवरा दाराबाहेर. तिनं मान हलवली की झालं. ती कशाला हो म्हणाली, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिलाही नाही म्हणता येत नव्हतं. मग मी काकुमाला गेलो काय आणि इथं राहिलो काय.

आत्या : आता तू मुद्द्यावर आलास. जवळची सेवा खरी, दूरची दिखाऊ, असं मी म्हणत नाही. घरी राहणाराही भीतीला कर्तव्य म्हणून मिरवू शकतो.

भाचा : मग चीनला गेलेल्या डॉ. कोटणीसांचं काय म्हणशील? त्यांच्याविषयी ऐकत आम्ही वाढलो. 1910 साली इथं जन्मले, मुंबईला शिकले. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेले. बाकीचे चौघे परतले, हे राहिले. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी मागे फिरले नाहीत. 1941 ला तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. अपस्माराच्या झटक्यांनी 9 डिसेंबर 1942 ला गेले, वय अवघं बत्तीस. रणांगणावरच्या जखमी शिपायाला तरी नाही कुठं म्हणता येतं?

आत्या : चांगलं विचारलंस. पण ते तिथं कसे राहिले ते बघ. चिनी भाषा शिकले, नुसती बोलण्यापुरती नव्हे, लिहा-वाचायलाही. पाहुणा डॉक्टर म्हणून वेगळी चूल मांडली नाही. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेची शिस्त पाळली, नेमतील तिथं गेले, तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सेसना शिकवलं. क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ, त्यात भारतही आहे आणि चीनही. ज्यांच्यासाठी गेले त्यांना त्यांनी आपल्यावर हुकूम चालवू दिला, आपल्या चुका काढू दिल्या. समोरच्याला नाही म्हणता यावं याची सोय त्यांनी अशी केली. भाषा येत नसलेल्या डॉक्टरला पेशंट कशाला नाही म्हणणार आणि कसा म्हणणार?

भाचा : म्हणजे त्यांचीही वाढ झालीच. ते गेले तेव्हाचे आणि राहिले तेव्हाचे कोटणीस एक नव्हते.

आत्या : झाली की. पण ती कुणाकडे मागणी करून झाली नाही. आधी दुसऱ्यांच्या शिस्तीत राहणं आलं, वाढ मागाहून आली. आणि एक सांगते, त्यांच्या थोरवीनं घरचं देणं फिटलं असं मी मानत नाही. वडिलांच्या शेवटी मुलगा नव्हता, हे त्या घरानं सोसलं. मोठ्या कामाचं नाव घेऊन ते पुसायचं नसतं. ते देणं घेऊनच जायचं असतं.

भाचा : आपल्या सिद्धरामांनाही कुणीतरी चूक दाखवली होती, अशी कथा आहे ना?

आत्या : तीच सांगणार होते. बाराव्या शतकात आपलं गाव सोन्नलगी होतं. सिद्धराम तलाव खोदत होते, देवळं बांधत होते, हजारो हात कामाला लागले होते. तेव्हा शिवभक्त शरणांपैकी अल्लमप्रभू आले आणि त्यांनी या कामावरच बोट ठेवलं. शरणांच्या परंपरेत सांगतात ते असं, की एवढं लोककल्याण करणाऱ्याला त्यांनी नुसता माती खोदणारा म्हटलं. सिद्धराम आधी रागावले. मग मात्र त्यांच्याबरोबर कल्याणला गेले, बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत.

भाचा : म्हणजे काम सोडायचं आणि आत बघायचं?

आत्या : मी ते असं वाचते. अल्लमप्रभूंनी तलाव नाकारला नाही. शरणांमध्ये कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच पूजा. ज्याला कुणी नाही म्हणत नव्हतं अशा माणसाला त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. सिद्धरामांचं मोठेपण हे, की त्यांनी ते ऐकलं. तलाव आजही आहे आणि सिद्धरामही योगी म्हणूनच लोकांच्या मनात आहेत.

भाचा : मग मी जाऊ की नको, ते सांग ना.

आत्या : तुझ्या आईला विचारलंस?

भाचा : सांगणार आहे.

आत्या : सांगणं वेगळं. ‘आई, मी निर्वासितांची सेवा करायला चाललोय’ म्हणालास तर ती कशी अडवेल? चांगल्या कामापुढे आईचं तोंड आपोआप बंद होतं. तिलाही नाही म्हणता येत नाही. तेव्हा तिकिटाआधी विचार, आणि ती नाही म्हणू शकेल असं विचार. तिची रक्तातली साखर कोण बघणार, रात्री काही झालं तर कुणाला बोलवायचं, हे ठरवून मग विचार.

भाचा : आणि ती नाही म्हणाली तर?

आत्या : तर ऐकून घे. लगेच मान किंवा लगेच मोडून काढ, असं मी म्हणत नाही. बोला. तारीख पुढे जाईल, दोन वर्षांचं एक होईल. कदाचित सगळं ऐकूनही तू जाशील आणि ती रडेल. तरी तिचं नाही तुझ्याबरोबर येईल, आणि ते जवळ असेल तर तू तिथल्या माणसांशी जपून वागशील.

भाचा : आणि तिथं गेल्यावर?

आत्या : पहिले काही महिने स्वाहिली शीक, औषधांच्या नावांआधी. तिथल्या नर्सच्या हाताखाली काम कर, ती चूक दाखवेल तेव्हा मान खाली घाल. अंगठा घ्यायच्या आधी काय करणार आहेस ते सांग आणि नको म्हणायला वेळ दे. कुणाचे फोटो घरी पाठवू नकोस. आपल्यात किती बदल झाला याचा हिशेब ठेवू नकोस. त्या मॉर्मन पोराला विचारलंस तेव्हा तो भांड्यांविषयी बोलला, देवाविषयी नाही. कुणी विचारलं तर तूही तसलंच काहीतरी सांगू शकलास, तर समज ठीक चाललंय.

भाचा : आणि हे सगळं इथंच करता आलं तर?

आत्या : तर करच, जाण्याआधी कर. उद्यापासून कानडी शीक. अक्कलकोटच्या बाईला जो नाही म्हणू देत नाही, त्यानं काकुमातल्या बाईकडे जाऊ नये. आणि जो इथं ते शिकला, त्यानं कुठंही जावं.

सेवेला निघणाऱ्या प्रत्येकानं, मग तो धर्म घेऊन निघो की औषध घेऊन, स्वतःला आधी एवढंच विचारावं : मी ज्याच्याकडे चाललो आहे त्याला मला नाही म्हणता येईल का? येणार नसेल, तर ती सोय करणं हीच आपली पहिली सेवा.