खांदे टेकले की नाही?

नारायणगावहून पुण्याकडे निघालं की मंचर मागे पडतं आणि खेड तालुका लागतो. तिथल्या राक्षेवाडीचा पैलवान शिवराज राक्षे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती खेळत होता. समोर पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचं जाहीर केलं. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रीकरण पाहा. मागणी मान्य झाली नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ घातली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत मोहोळसमोरचा महेंद्र गायकवाडही पंचांवर चिडून, काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, आणि राक्षे-गायकवाड दोघांवर ३ वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन कोणताही वस्ताद करणार नाही. पण मग हजारो मोबाइलवर ते दोन खांदे थांबवून, मोठे करून पाहणं सुरू झालं.

गंमत अशी, की त्याआधी २ वर्षं हाच गायकवाड दुसऱ्या बाजूला होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात, कोथरूडला, माती विभागात त्याने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली आणि पंचांनी ४ गुण दिले. सिकंदर धोकादायक स्थितीत गेलाच नव्हता, असं त्याच्या चाहत्यांचं म्हणणं. समाजमाध्यमांवर रान उठलं, पंचाला धमकीचा फोन आल्याची तक्रार पोलिसांत गेली. पुढे अंतिम कुस्तीत गायकवाडला हरवून गदा कोणी नेली? राक्षेने. म्हणजे पंचांचा निकाल आज ज्याला गोड लागतो, त्यालाच उद्या तो कडू लागतो, आणि चाहत्यांची स्मृती या बाबतीत फार सोयीची असते.

तरीही सगळा दोष चाहत्यांवर ढकलता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत चितपटीची व्याख्याच अशी आहे, की खांदे इतका वेळ टेकलेले असावेत की पंचाला पूर्ण ताबा दिसावा. इतका म्हणजे किती, हे पंचाच्या डोळ्यावर सोपवलेलं. गुणांवर आक्षेप घेता येतो, प्रशिक्षक मऊ ठोकळा गादीवर फेकतो आणि चित्रीकरण पाहिलं जातं. चितपटीला ती सोय नाही. तिथे मॅट चेअरमनची, म्हणजे प्रमुख पंचाची संमती हाच शेवटचा शब्द. ज्या निकालाने कुस्ती संपते, नेमका तोच पुन्हा तपासायला मागता येत नाही, हे प्रेक्षकाला कसं पटावं?

निकाल चित्रीकरणावर पुन्हा तपासण्याचा प्रयोग अमेरिकी फुटबॉलने करून पाहिला. २० जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स सामन्यात चेंडू हाती येण्याआधीच सेंट्सच्या खेळाडूला धडक बसली. साऱ्या स्टेडियमला ती दिसली, पण पंचांनी फाउल दिला नाही. रॅम्स जादा वेळेत २६-२३ ने जिंकले. चाहते कोर्टात गेले. संघटनेने पुढच्या मोसमात अशा प्रसंगांचं फेरनिरीक्षण सुरू केलं आणि एका मोसमातच गुंडाळलं. चित्र संथ केलं की प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटू लागतो, आणि तरीही दोन माणसांचं एकमत होत नाही.

मग सगळं घड्याळावर सोडावं? जुन्नर-आंबेगावच्या शर्यतीच्या घाटांत बैलगाड्याचा निकाल तसाच ठरतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि निकाल सेकंदांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबवलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ च्या आदेशाने पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा तंत्रही सुधारलं होतं. पण वाद मिटला नाही, फक्त जागा बदलली. निशाण कधी पडलं, आणि घड्याळावरचा अंगठा कधी दाबला?

यात्रेतल्या आखाड्यात मात्र एक जुनी सोय आहे. तिथले पंच फेटा बांधलेले, गावातलेच, रात्री त्याच गल्लीतून घरी जाणारे. निकाल खटकला की चारी बाजूंनी ओरडा होतो, ‘पाठ लागली नाही, पुन्हा लावा!’ पंच आधी हात झटकतात, एकमेकांकडे बघतात. कधी कधी मग दोन्ही पैलवानांना बोलावून पुन्हा मधोमध उभं करतात, माती चोळायला लावतात, आणि हलगीवाला विचारल्याशिवाय वाजवायला लागतो.