सा कुठे आहे?

उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरात गाणं असलं की मी थोडी लवकर जाते. तानपुरे जुळताना ऐकायचे असतात. मागच्या रांगांत खुर्च्या वाजत असतात, मंचावर कुणीतरी मान खाली घालून खुंटी पिळत असतं, आणि एका क्षणी तारा एकमेकींत मिसळून जातात. राग ओळखता येवो न येवो, घर कुठे आहे ते आता प्रत्येकाला कळलेलं असतं. पुढे गवई कितीही लांब भटकला तरी आपण निर्धास्त.

आर्नोल्ड शोनबर्गच्या सहा छोट्या पियानो रचना (ओपस १९) ऐकताना ही निर्धास्ती पहिल्या काही क्षणांतच जाते. बारा स्वरांपैकी कुणालाच इथे घरधनीपण नाही. दुसऱ्या रचनेत दोन सूर एकत्र टपटपत राहतात, आपल्या पांढरी एकच्या हिशेबाने प आणि नी. कान लगेच त्यांना धरतो, हाच आधार असं ठरवू पाहतो. पण भोवतीचे सूर त्या जोडीचं काही ऐकतच नाहीत. नऊ बारांत सगळं संपतं.

अशा संगीताला ‘एटोनल’, म्हणजे शब्दशः सूर नसलेलं, म्हणतात. शोनबर्गला तो शब्द आवडत नसे आणि मला त्याचं पटतं. सूर तर आहेतच. उलट, परतायला घर नसल्यामुळे प्रत्येकाला स्वतःच्या बळावर उभं राहावं लागतं.

सहाही मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटं. त्याला मोठं काही पेलत नव्हतं म्हणून नव्हे. प्रचंड वाद्यवृंद आणि गायकवृंद लागणाऱ्या ‘गुरेलीडर’चं वाद्ययोजन त्याने या रचनांच्याच वर्षी, १९११ साली पुरं केलं. मला वाटतं, लांबी ही घराच्या भरवशावर येते. बडा ख्याल पाऊण तास रंगतो, कारण सम आणि सा पुन्हा पुन्हा बोलावून घेतात. तो भरवसा सोडला की म्हणायचं तेवढं म्हणून थांबावं लागतं. हा थांबण्याचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्या पाच रचना त्याने १९ फेब्रुवारी १९११ या एकाच दिवशी लिहिल्या. मग १८ मे रोजी व्हिएन्नात संगीतकार गुस्ताव मालर गेला. शोनबर्ग त्याला फार मानत असे. त्याच्या दफनाचं एक चित्रही त्याने रंगवलं. १७ जूनला सहावी रचना झाली. तीही नऊच बारांची, अतिशय संथ. कुठेही आवाज चढत नाही.

तिचे पहिले दोन स्वरगुच्छ मी घरच्या पेटीवर वाजवून पाहिले. उजव्या हाताला ध, तीव्र म, नी. ते धरून ठेवायचे आणि डाव्या हाताने खाली प, सा, शुद्ध म. दोन्ही हात अडकले, म्हणून भाता भाचीने मारला. सा वाजत होता, अगदी बोटाखाली होता. पण दोन्ही मध्यम एकाच वेळी बोलत असताना तो सा वाटेना. “मावशी, यात सा कुठे आहे?” भाचीने विचारलं. मी बोट दाखवलं. तिने ऐकलं आणि मान हलवली.

अडचण वेगळीच निघाली. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझू लागतो, आणि ही रचना त्या विझण्यावरच उभी आहे. पेटीचा सूर हवा आहे तोवर तसाच राहतो. शेवटच्या बारात शोनबर्गने वाजवणाऱ्याला सूचना लिहिली आहे: श्वासासारखं. मी भाचीला म्हटलं, आता भाता सोडून दे. बोटं मी पट्ट्यांवरून उचलली नाहीत. सहा सूर थोडा वेळ तसेच राहिले, मग पातळ झाले, एकेक करून गळले. सगळ्यात शेवटी कुठला गेला ते दोघींनाही सांगता येईना.