घरी परतलेल्या मुलाला काय विचाराल?



घरात मृत्यू झाला म्हणजे शहरात राहणारा मुलगा गावी येतो. दिवाळीला न येणारा, जत्रेला न येणारा, पत्राला आणि फोनला चार-चार दिवस उत्तर न देणारा मुलगाही त्या दिवशी धावत येतो. तो आला की आपण त्याला काय विचारतो? प्रवास कसा झाला, हे पहिले. नोकरी कशी चालली आहे, पगार किती वाढला, हे दुसरे. आणि माती होऊन चार दिवस लोटत नाहीत तोच तिसरा प्रश्न पुढे येतो : आता लग्नाचे काय ते मनावर घे. जाणाऱ्याचा जीव त्यातच अडकला होता, असेही वर कोणी सांगतो. या तिसऱ्या प्रश्नाविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी मी एका मराठी चित्रपटाचा आधार घेणार आहे.

धम्माच्या पाक्षिकात सिनेमाची चर्चा कशाला, असे आपल्यातले काही वडीलधारे म्हणतील. तथागतांनी शेतकऱ्याला नांगराचा दाखला दिला, सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला. समोरच्या माणसाला जे ठाऊक आहे त्यातूनच धम्म सांगावयाचा असतो. आज घरोघरी सिनेमा ठाऊक आहे.

चित्रपटाचे नाव 'साबर बोंडं'. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. कोणत्याही बड्या चित्रसंस्थेचा हा बोलपट नव्हे. थोड्या साधनांत, स्वतंत्रपणे केलेले हे काम आहे. २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. मुंबईतील साध्या घरात वाढलेल्या या दिग्दर्शकाला स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतर गावी जे दिवस काढावे लागले, त्यातून ही कथा सुचली. गाणी नाहीत, पार्श्वसंगीत नाही. सवय नसलेल्याला प्रथम चुकल्यासारखे वाटेल. पण शोक झालेल्या घरात तरी कोणते संगीत वाजत असते?

गोष्ट थोडक्यात अशी. आनंद हा तिशीतला तरुण मुंबईत नोकरी करतो. वडील वारतात. आईबरोबर तो मूळ गावी येतो, आणि दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी त्याला तिथे राहावे लागते. काय खावे, काय प्यावे, पायांत काय घालावे, याचे नियम नातेवाईक सांगतात. माणूस आतून सुन्न झालेला आहे आणि बाहेरून त्याच्यावर नियमांची यादी वाचली जात आहे. त्यातच लग्नाचा तगादा. आनंदला स्त्रीशी लग्न करावयाचे नाही. त्याचे मन पुरुषाकडे ओढ घेते. आईला हे ठाऊक आहे आणि तिने ते आपल्या पोटात घातले आहे. पण भावकीपुढे खरे कारण झाकून ठेवावे लागते. अशा वेळी त्याला बाळ्या भेटतो. हा त्याचा लहानपणचा सोबती, रानात राबणारा शेतकरी, आणि त्याच्याही मागे लग्नाचा ससेमिरा लागलेला. त्या दोघांच्या सहवासात आनंदचे गोठलेले मन हळूहळू पाझरू लागते. शेवट मी सांगत नाही, तो तुम्ही पाहावा.

साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल फळे. ज्यांचे बालपण माळावर गेले त्यांना ती सांगावयास नकोत. बारीक कुसळे बोटांत शिरली की दिसत नाहीत, पण दिवसभर सलतात. म्हणून जाणता माणूस ती कुसळे आधी घासून काढतो आणि मग फळ दुसऱ्याच्या हातावर ठेवतो. या चित्रपटातल्या मायेची जातही तशीच आहे.

आता आपल्या घराकडे वळू. त्या चित्रपटातले कुटुंब बौद्ध नाही; ते जुन्या रीतीने चालणारे आहे. आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. श्राद्ध सोडले, पिंडदान सोडले. पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात ताटकळणे सोडले. फार चांगले केले. परंतु मी विचारतो, ते दहा दिवस सोडले त्यांच्या जागी आपण काय ठेवले? जुन्या रूढीत खुळेपणा पुष्कळ होता. तरी त्या निमित्ताने लेक दहा दिवस आईजवळ बसत होता. आपल्याकडे कित्येक घरी आता जलदान विधी आणि पुण्यानुमोदन एका दुपारी उरकतात, भाषणे होतात, जेवण होते, आणि मुलगा संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारायला कोणाला फुरसत झालेली नसते. विधी बदलला, पण माणूस होता तिथेच एकटा राहिला.

काही जण तर याच्याही पुढे जातात. अनित्यतेची गाथा म्हणून झाली की रडणाऱ्याला दटावतात : बौद्ध माणसाने रडू नये, सर्व अनित्य आहे. हे कोणी शिकविले? तथागतांच्या महापरिनिर्वाणाची वेळ आली तेव्हा भिक्खू आनंद विहारात गेले आणि दाराला टेकून रडू लागले. पंचवीस वर्षे सावलीसारखा सोबत राहिलेला तो शिष्य! तथागतांनी त्यांना बोलावून घेतले. शोक आवर, प्रिय वस्तूंचा वियोग अटळ आहे, हे त्यांनी सांगितले खरे. पण आधी जवळ बोलावले, आणि तू इतकी वर्षे किती मैत्रीने माझी सेवा केलीस, हेही सर्वांदेखत सांगितले. अनित्यतेचा उपदेश हा रडणाऱ्याला जवळ घेऊन करावयाचा आहे, त्याच्या तोंडावर फेकून मारावयाचा नाही.

आणि बाबासाहेब? १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले होते. वडील रामजी सुभेदार आजारी असल्याचे कळताच मुंबईला निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा वडील अखेरच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले, आणि बाबासाहेब धाय मोकलून रडले. ज्या माणसाने पुढे साऱ्या देशाशी वाद घातला त्याला आपल्या अश्रूंची लाज वाटली नाही. उपेक्षा, म्हणजे समचित्तता, ही धम्मातील फार वरची पायरी आहे. पण सुन्नपणा ही तिची नुसती नक्कल होय. सुन्न माणसाला दुःखच जाणवत नाही, मग त्याला करुणा तरी कुठून जाणवणार?

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मला ठाऊक आहे, काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पुरुषाचे मन पुरुषावर जडते, स्त्रीचे स्त्रीवर, हे बोलणे आपल्या घरात चालत नाही. काही जण तिसऱ्या शीलाकडे बोट दाखवतील. म्हणून ते शील नीट पाहा. कामवासनेत मिथ्याचार करू नये, असे ते आहे. मिथ्याचार कोणता? बळजबरी, फसवणूक, दुसऱ्याच्या जोडीदाराशी संग, ज्याच्या रक्षणाची जबाबदारी आपल्यावर आहे त्याच्याशी गैरवर्तन. या कसोटीवर आनंद आणि बाळ्या यांना घासून पाहा. त्यांनी कोणाला फसविले? फसवणूक व्हायची असेल तर ती नातेवाइकांच्या तगाद्यातून होईल. मन नसलेल्या मुलाला तुम्ही बोहल्यावर, अर्थात आपल्या मंगल परिणयाच्या मंचावर, उभे कराल. पंचशील म्हणवून घ्याल. आणि एका परक्या घरच्या निरपराध मुलीचे सारे आयुष्य त्या खोट्यावर उभे कराल. ती मुलगी वर्षानुवर्षे स्वतःतच काही उणे शोधत राहील. मोडले कोणते शील? चौथे. आणि ते मुलाने मोडले नाही. खरे बोलण्याची सोय ज्या घरात नव्हती त्या घराने मोडले.

बाबासाहेब या विषयापासून तोंड फिरवून बसले नव्हते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचक लैंगिक बाबतीतले खाजगी प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत, हा त्यांचा गुन्हा. १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, पण जो प्रश्न विचारायला माणूस घाबरतो त्याला उत्तर मिळाले पाहिजे, या बाजूला ते उभे राहिले. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत त्यांनी संविधानिक नैतिकतेचा विचार मांडला. ती आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते, असे बजावले. सत्तर वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, तेव्हा याच संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला. अशा जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता द्यावयास त्याच न्यायालयाने २०२३ साली नकार दिला, हेही सांगितले पाहिजे. पण घरच्या माणसाला घरात जागा देण्यासाठी कोणत्या न्यायालयाचा निकाल लागतो?

आपण तरी हे समजू शकले पाहिजे. गावाच्या वेशीबाहेर ज्यांना ठेवले, जन्मावरून ज्यांचे माणूसपण नाकारले, ते आपण. कोणाला आपले आडनाव झाकावे लागते, कोणाला खोली भाड्याने घेताना जात लपवावी लागते, ती लपवालपवी माणसाला आतून किती पोखरते हे दुसऱ्या कोणी आपल्याला समजावून सांगावयास नको. मग आपल्याच चार भिंतींत आपल्याच लेकराला एक वेस आखून देणार काय?

माझ्या माय-माउल्यांनो, पटाचारेची गोष्ट तुम्ही वर्षावासात ऐकली असेल. पण तिचा आरंभ बहुधा घाईने सांगितला जातो. ती श्रावस्तीच्या धनवान श्रेष्ठीची मुलगी. आईबापांनी बरोबरीच्या घरचा मुलगा पाहिला होता. तिचे मन घरातल्या एका नोकरावर होते. ती त्याच्याबरोबर निघून गेली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिला माहेर आठवले आणि ती वाटेला लागली. वादळात नवऱ्याला साप चावला. नदी ओलांडताना नुकते जन्मलेले मूल पक्ष्याने उचलले, थोरले प्रवाहात वाहून गेले. श्रावस्तीजवळ येते तो कळले की त्याच रात्री घर कोसळून आई, बाप, भाऊ गेले आणि एकाच चितेवर त्यांना अग्नी दिला आहे. ज्या घरी परतावयाचे तेच उरले नाही. तिचे भान हरपले, अंगावरचे वस्त्र गळून पडले. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले, तिच्यावर केरकचरा फेकू लागले.

ती जेतवनात शिरली तेव्हा तिथल्याही लोकांनी तिला अडवू पाहिले. उपासकच होते ते, धम्म ऐकायला बसलेले! तथागत म्हणाले, तिला अडवू नका. त्यांनी तिला बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. कोणी एकाने आपल्या अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले, ते तिने पांघरले. मग तिने आपली कहाणी सांगितली आणि तथागतांनी ती शेवटपर्यंत ऐकली. नोकराबरोबर का पळून गेलीस, आईबापांची अब्रू का घालविलीस, हा प्रश्न त्या साऱ्या कथेत ते एकदाही विचारीत नाहीत.

चित्रपटात बाळ्या काय करतो ते आता ध्यानात येईल. तो उपदेश करीत नाही, त्याला तो येतही नाही. तो आनंदबरोबर रानात हिंडतो, जवळ बसतो, फळ आणून देतो. गावातल्या इतरांजवळ नियम आहेत, याच्याजवळ वेळ आहे. आणि आईजवळ मौन आहे, पण ते मुलाच्या बाजूचे मौन आहे.

म्हणून, नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांना माझे सांगणे इतकेच की, पुढच्या वेळी घरात दुःखद प्रसंग येईल तेव्हा विहारातून भन्तेजींना बोलवा, वंदना घ्या, ऐपतीप्रमाणे दान करा. पण मुलाला किंवा मुलीला त्याच रात्री परतीच्या गाडीत बसवू नका. दोन-चार दिवस ठेवून घ्या. गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघू द्या, त्याने केलेल्या चुकांच्यासुद्धा. कोणी रडले तर पाण्याचा तांब्या पुढे करा आणि गप्प राहा. लग्नाची गोष्ट कोणी मामा-काका काढू लागले तर घरातल्या थोर माणसाने तिथेच थांबवावी. दुखवट्यात सोयरीक जुळविण्याची ही खोड आपण कुठून उचलली कोण जाणे. आणि रात्री निजानीज झाल्यावर मुलगा आईजवळ येऊन, आई, तुला एक सांगावयाचे आहे, असे म्हणाला, तर आईने दिवा बारीक करून त्याच्याजवळ बसावे आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत त्याला मध्येच तोडू नये. बाप हयात असेल तर त्यानेही उठून बाहेर जाऊ नये.

पटाचारा पुढे भिक्खुणी झाली. विनयाच्या ज्ञानात तथागतांनी तिला सर्व भिक्खुणींत अग्रस्थान दिले. पोटचे मूल गमावलेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे येत, आणि ती त्यांना जवळ बसवून घेई.