नटाचा खांदा आणि बिघडलेले रूट

रात्री वीज जाते, यूपीएस दगा देतो आणि पुन्हा सुरू होणारा सर्व्हर अर्ध्या वाटेत थबकतो. काळ्या पडद्यावर सूचना येते: अनपेक्षित विसंगती आढळली, एफएससीके हाताने चालवा. (एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारे साधन.) लिनक्स सांभाळणाऱ्याच्या पोटात खरा गोळा येतो, तो ही सूचना रूट फाइल सिस्टिमबद्दल, म्हणजे ज्या मुळावर सारी यंत्रणा उभी असते त्याबद्दल, असते तेव्हा. दुसरे पार्टिशन बिघडले तर ते अनमाउंट करून सावकाश दुरुस्त करता येते. चालू यंत्राचे रूट मात्र काढून बाजूला ठेवता येत नाही. शिवाय दुरुस्तीचे हत्यारही एरवी तिथेच असते.

ही अडचण संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात भौतिकवादी लोकायतिकांशी वाद घालताना शंकराचार्यांनी नटाचे उदाहरण दिले. कसरतीत कितीही तरबेज असला, तरी नट स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. जाणीव हा जर महाभूतांचाच गुण असेल, तर ती महाभूतांना बाहेरून पाहणार कशी, असा त्यांचा सवाल होता. विसाव्या शतकात व्हिएन्नाच्या ऑटो न्यूराथ यांनी उलट चित्र रंगवले. भर समुद्रातल्या नाविकांना गोदी मिळत नाही. तरंगत राहूनच जहाजाची फळी बदलावी लागते. आपल्या ज्ञानाचेही तसेच आहे, असे त्यांचे म्हणणे.

लिनक्सची जुनी रीत शंकराचार्यांच्या बाजूने झुकते. बूट होताना रूट आधी रीड-ओन्ली माउंट होते. यंत्रणा त्याच्याकडे नुसती पाहते, त्यावर लिहीत नाही. एफएससीकेची तपासणी आटोपली की मगच लिहिण्याची मुभा मिळते. सांख्यांचा पुरुष आठवावा, असा हा साक्षीभाव! (उपमा फार ताणू नये, पुरुषाला कुणी रीमाउंट करत नाही.) तरीही रूटमध्ये काही दुरुस्त झाले, तर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते, कारण कर्नलच्या स्मृतीत जुनेच चित्र उरलेले असू शकते.

आजकाल बहुतेक ठिकाणी इनिट्रॅमएफएस असते. खऱ्या रूटला हात लावण्याआधी कर्नल रॅममध्ये एक चिमुकली तात्पुरती व्यवस्था उभी करतो आणि दुरुस्ती तिथून होते. म्हणजे बाहेरची जागा मिळाली. पण ती तयार कुणी केली? एरवी याच रूटवरच्या यंत्रणेने, धडधाकट असताना, मागच्या कर्नल अपडेटच्या वेळी. नट स्वतःच्या खांद्यावर चढत नाही हे खरेच. तो आपणच पूर्वी करून ठेवलेल्या तिवईवर चढतो. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू केले, तरी तेही दुसऱ्या कुठल्या तरी रूटवरच घडलेले असते. या वादात न्यूराथ यांचे पारडे जड वाटते.

दुरुस्ती कशाची होते, हा प्रश्न याहून अवघड. एफएससीकेला मजकूर खरा की खोटा हे कळत नाही. हिशेब एकमेकांशी जुळतो का, एवढेच ते पाहते. प्रत्येक डिरेक्टरीपासून वर चढत रूटपर्यंत पोचता येते का, हे तपासले जाते. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये रूटचा आयनोड (फाइलची अंतर्गत नोंद) क्रमांक २ असतो आणि त्याच्या वर कुणी नसते. त्याचा पालक तो स्वतःच. वाट तुटलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये जमा होतात आणि त्यांच्या नावाच्या जागी आयनोड क्रमांक येतो. फाइलचे नाव फाइलमध्ये नसतेच, ते तिला धरणाऱ्या डिरेक्टरीत असते. ती गेली की रूप उरते, नाम जाते.

मजकुराचीही हमी नाही. २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी३ मध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) होते आणि वीज गेल्यावरची लांबलचक तपासणी बरीचशी टळली. पण ईएक्सटी४ मध्येही नेहमीच्या मांडणीत जर्नल रचनेच्या नोंदी राखते, मजकूर राखत नाही. हिशेब चोख जुळेल आणि शेवटच्या क्षणी लिहिलेले पान तरीही गायब असेल.

हाताने चालवल्यावर एफएससीके प्रश्नामागून प्रश्न विचारते आणि बहुतेक जण प्रत्येकाला ‘हो’ म्हणत सुटतात. आयनोड क्रमांकावरून उत्तर ठरवणे बहुतेकांच्या आवाक्यातले नाही, म्हणून ही निव्वळ श्रद्धाच. शहाणा माणूस आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढतो, मग श्रद्धा ठेवतो.

काम संपल्यावर एफएससीके एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे दोष आढळला नाही, एक म्हणजे दोष दुरुस्त केले. शून्य पाहायचे असेल, तर तपासणी पुन्हा एकदा चालवावी लागते.